अमेरिकेत निवृत्त झालात? सोशल सिक्युरिटी, ४०१-के आणि भारतातल्या ठेवींवरचा टॅक्स असा समजून घ्या

तीस-पस्तीस वर्षं अमेरिकेत नोकरी केलेला माणूससुद्धा निवृत्तीनंतरच्या पहिल्या टॅक्स रिटर्नपाशी अडतो. नोकरीत असताना एक डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) यायचा, टॅक्स पगारातूनच कापलेला असायचा आणि मार्चमधल्या एखाद्या शनिवारी बसलं की काम उरकायचं. निवृत्तीनंतर पैसे चार-पाच ठिकाणांहून येतात, प्रत्येकाचा नियम वेगळा, आणि बरेचदा टॅक्स कापलेलाच नसतो. त्यात आपल्या घरांमध्ये पुण्याच्या बँकेतली एफडी असते, ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं असतं, आईच्या नावाबरोबर आपलंही नाव असलेलं एखादं जुनं खातं असतं.

आम्ही दोघं न्यू जर्सीत या सगळ्यातून गेलो. आता ओळखीतल्या लोकांना कागद लावून द्यायला मी मदत करते, आणि दरवर्षी तेच प्रश्न समोर येतात, म्हणून इथे सलग लिहिते आहे. आकडे २०२५ या करवर्षाचे आहेत, म्हणजे १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायच्या रिटर्नचे. यातले बरेच आकडे दरवर्षी थोडे बदलतात. जे कधीच बदलत नाहीत ते कुठले, तेही पुढे सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. निवृत्तीनंतरचा टॅक्स एप्रिलमध्ये ठरत नाही. वर्षभरात तुम्ही कुठल्या खात्यातून किती पैसे काढले, यावर तो ठरतो. रिटर्न भरायला बसता तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

१. जानेवारीत एक फोल्डर करा आणि कागद त्यातच टाका

लागणारे कागद असे:

- एसएसए-१०९९: सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारकडून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचं, वार्षिक पत्रक. नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं. जानेवारीअखेर येतं. आलं नाही तर सोशल सिक्युरिटीच्या साइटवर आपल्या खात्यातून उतरवून घेता येतं.
- १०९९-आर: पेन्शन, ४०१-के (नोकरीतलं निवृत्ती बचत खातं), आयआरए (स्वतः उघडलेलं निवृत्ती बचत खातं) यांतून पैसे काढले असतील तर प्रत्येक खात्याचं एक.
- १०९९-आयएनटी, १०९९-डीआयव्ही, १०९९-बी: व्याज, लाभांश, शेअर विक्री.
- मागच्या वर्षीचं पूर्ण रिटर्न, राज्याच्या रिटर्नसकट.
- भारतातल्या प्रत्येक खात्याचं स्टेटमेंट, व्याजाचा दाखला, टीडीएसचा २६-एएस उतारा, भाड्याचा हिशेब.

एसएसए-१०९९ हातात घेऊन जरा नीट बघा. रिटर्नमध्ये जातो तो पाचव्या चौकटीतला आकडा, आणि तो बँकेत जमा झालेल्या रकमेपेक्षा मोठा असतो. मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, हप्ता सोशल सिक्युरिटीतूनच कापला जातो, पण टॅक्सच्या हिशेबात तो कापण्याआधीची रक्कम धरतात. किती हप्ता कापला ते त्याच कागदावर तिसऱ्या चौकटीखाली लिहिलेलं असतं. बँकेचं पासबुक बघून आकडा भरणारे लोक मी दरवर्षी पाहते. आयआरएसकडे (अमेरिकेच्या आयकर खात्याकडे) त्या कागदाची प्रत असतेच, आणि मग काही महिन्यांनी पत्र येतं.

भारताच्या कागदांत दुसरा घोळ होतो. भारतातली बँक व्याजाचा दाखला एप्रिल ते मार्चचा देते आणि अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा चालत नाही. खात्याचं स्टेटमेंट काढून कॅलेंडर वर्षाचं व्याज वेगळं मांडावं लागतं.

मुलांनी ग्रीन कार्डावर आणलेल्या आईवडिलांना एसएसआय (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत) मिळत असेल, तर ते सोशल सिक्युरिटी नव्हे. एसएसआयवर टॅक्स नाही आणि त्याचं १०९९ येतही नाही. त्याची वाट बघू नका.

२. सोशल सिक्युरिटीचा किती भाग करपात्र ते काढा

१९८३ च्या कायद्यापर्यंत सोशल सिक्युरिटीवर टॅक्स नव्हता. १९८४ पासून जास्तीत जास्त निम्मी रक्कम करपात्र झाली, आणि १९९३ च्या कायद्याने ती मर्यादा ८५ टक्क्यांवर नेली. ८५ टक्के हा टॅक्सचा दर आहे असं समजून घाबरणारे खूप आहेत. तो दर नाही. तुमच्या सोशल सिक्युरिटीपैकी जास्तीत जास्त ८५ टक्के रक्कम उत्पन्नात मिळवली जाते आणि मग तिच्यावर तुमच्या नेहमीच्या दराने टॅक्स लागतो. निदान १५ टक्के कायम करमुक्त राहतात.

त्यासाठी कंबाइन्ड इन्कम नावाचा एक आकडा काढायचा. सोशल सिक्युरिटी सोडून बाकीचं सगळं करपात्र उत्पन्न, त्यात म्युनिसिपल बाँडसारखं करमुक्त व्याज, आणि त्यात सोशल सिक्युरिटीची निम्मी रक्कम. ही बेरीज या रेघांशी ताडून बघा:

- एकट्या व्यक्तीला २५,००० आणि ३४,००० डॉलर
- एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला ३२,००० आणि ४४,००० डॉलर

पहिल्या रेघेच्या खाली असाल तर सोशल सिक्युरिटीवर काही नाही. दोन्हींच्या मध्ये असाल तर जास्तीत जास्त निम्मी रक्कम करपात्र, आणि दुसरीच्या वर गेलात की ८५ टक्क्यांपर्यंत. एकत्र राहून वेगवेगळं रिटर्न भरणाऱ्या नवरा-बायकोला ही सवलतीची रेघच नाही, तिथे शून्यापासून मोजणी सुरू होते. म्हणून काही खास कारण नसेल तर रिटर्न एकत्रच भरा.

हेच ते कधीच न बदलणारे आकडे. टॅक्सचे टप्पे आणि वजावटी महागाईप्रमाणे दरवर्षी वर सरकतात, पण या रेघा ठरल्या त्या वर्षी होत्या तिथेच आहेत. १९८४ साली ३२,००० डॉलर ही सुखवस्तू जोडप्याची कमाई होती. आज तेवढ्यात न्यू जर्सीत घराचा प्रॉपर्टी टॅक्स भरून किराणा भागवणंसुद्धा ओढाताणीचं होतं. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं. तरी नियम आहे तो असा आहे, आणि त्याच्याशी गाठ आपल्यालाच आहे.

आता एक उदाहरण बघा. दोघंही ६५ च्या पुढचे. दोघांची मिळून सोशल सिक्युरिटी ४२,०००, आयआरएतून काढलेले ३०,०००, इथलं आणि भारतातलं मिळून व्याज ४,०००.

कंबाइन्ड इन्कम झालं ३४,००० अधिक २१,०००, म्हणजे ५५,०००. दुसऱ्या रेघेच्या ११,००० वर. त्या ११,००० चे ८५ टक्के ९,३५०, आणि दोन रेघांमधल्या १२,००० चे निम्मे ६,०००. एकूण १५,३५० डॉलर सोशल सिक्युरिटी करपात्र. एकूण उत्पन्न ४९,३५०, त्यातून वजावटी ४६,७०० (त्या कशा आल्या ते चौथ्या टप्प्यात), उरले २,६५०. टॅक्स २६५ डॉलर. नाममात्र.

याच जोडप्याने घराचं छप्पर बदलायला आयआरएतून आणखी २०,००० काढले तर? कंबाइन्ड इन्कम ७५,००० होतं आणि करपात्र सोशल सिक्युरिटी १५,३५० वरून ३२,३५० वर जाते. म्हणजे काढले वीस हजार आणि करपात्र उत्पन्न वाढलं सदतीस हजारांनी. टॅक्स २६५ वरून ४,२८१ डॉलर. तक्त्यात बघाल तर हे जोडपं १२ टक्क्यांच्या टप्प्यात आहे. प्रत्यक्षात त्या वीस हजारांवर त्यांनी वीस टक्के भरले.

छपराचा खर्च टाळता येत नाही, पण निम्मे पैसे डिसेंबरमध्ये आणि निम्मे जानेवारीत काढता येतात. रॉथ आयआरए (टॅक्स आधीच भरून पैसे घातलेलं खातं) असेल तर त्यातून काढता येतात. कॉन्ट्रॅक्टरला होकार देण्याआधी कागदावर ही बेरीज एकदा मांडून बघा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

मागच्या काही वर्षांची थकबाकी एकदम मिळाली असेल तर त्याला वेगळी सोय आहे. २०२५ च्या जानेवारीत सोशल सिक्युरिटी फेअरनेस कायदा झाला आणि दुसरी पेन्शन असलेल्यांची सोशल सिक्युरिटी कमी करणारे जुने नियम रद्द झाले. भारतातल्या नोकरीची पेन्शन मिळते म्हणून इथली रक्कम कापली गेली होती, अशा काही आपल्या लोकांनाही जानेवारी २०२४ पासूनचा फरक मिळाला. ही रक्कम ज्या वर्षी हातात आली त्या वर्षी करपात्र. मात्र आधीच्या वर्षाचा भाग त्या वर्षाच्या उत्पन्नावर मोजून टॅक्स कमी होत असेल तर तसा पर्याय निवडता येतो. त्याचं गणित आयआरएसच्या ९१५ क्रमांकाच्या पुस्तिकेत दिलं आहे. जुनी रिटर्न्स दुरुस्त करावी लागत नाहीत.

३. बाकीच्या खात्यांचा नियम

पारंपरिक ४०१-के आणि आयआरएतून काढलेला पैसा पूर्ण करपात्र, कारण घालताना टॅक्स भरला नव्हता. टॅक्स भरून घातलेली रक्कम असेल तर तेवढा भाग सुटतो, पण त्याची नोंद ८६०६ फॉर्ममध्ये केलेली असली पाहिजे. जुने ८६०६ शोधून ठेवा. रॉथमधून काढलेला पैसा, वय साडेएकोणसाठच्या पुढे आणि खातं उघडून पाच वर्षं झालेली असतील तर पूर्ण करमुक्त, आणि तो कंबाइन्ड इन्कममध्येही धरत नाहीत. कंपनीची पेन्शन सहसा पूर्ण करपात्र असते.

शेअर दीर्घकाळ ठेवून विकले तर २०२५ मध्ये जोडप्याला करपात्र उत्पन्न ९६,७०० डॉलरपर्यंत त्या नफ्यावर शून्य टक्के दर आहे. हे ऐकून लोक निर्धास्त विकतात. पण तो नफा कंबाइन्ड इन्कममध्ये मोजला जातोच, आणि त्यामुळे सोशल सिक्युरिटीचा जास्त भाग करपात्र होऊ शकतो.

४. वजावटी, आणि "सोशल सिक्युरिटीवरचा टॅक्स गेला" ही समजूत

२०२५ च्या उन्हाळ्यात नवा कायदा झाल्यापासून व्हॉट्सअॅपवर फिरतंय की सोशल सिक्युरिटीवर आता टॅक्सच नाही. हे खरं नाही. दुसऱ्या टप्प्यातलं गणित तसंच्या तसं चालू आहे. नव्या कायद्याने दिली ती ६५ वर्षांवरच्या प्रत्येकाला ६,००० डॉलरची जादा वजावट, आणि तीही फक्त २०२५ ते २०२८ या चार वर्षांसाठी. एकट्याचं उत्पन्न ७५,००० आणि जोडप्याचं १,५०,००० च्या वर गेलं की ती कमी होत जाते. १,७५,००० आणि २,५०,००० ला ती संपते. लग्न झालेल्यांनी एकत्र रिटर्न भरलं तरच मिळते, आणि सोशल सिक्युरिटी नंबर लागतो.

वजावटींची बेरीज जोडप्याला अशी पडते: नेहमीची प्रमाण वजावट ३१,५००, दोघंही ६५ चे म्हणून प्रत्येकी १,६०० जादा, आणि प्रत्येकी ६,०००. एकूण ४६,७००. एकट्या व्यक्तीला १५,७५०, अधिक २,०००, अधिक ६,०००.

रिटर्नसाठी १०४०-एसआर वापरा. नियम नेहमीच्या १०४० या रिटर्न फॉर्मचेच, पण अक्षर मोठं आहे आणि वजावटीचा तक्ता फॉर्मवरच छापलेला असतो.

५. त्र्याहत्तरी आधी सक्तीच्या काढणीची तयारी करा

१९५१ ते १९५९ दरम्यान जन्मलेल्यांना ७३ व्या वर्षापासून, १९६० किंवा त्यानंतरच्यांना ७५ व्या वर्षापासून पारंपरिक खात्यांतून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. याला सगळे आरएमडी म्हणतात. आदल्या ३१ डिसेंबरची शिल्लक घ्यायची आणि आयआरएसच्या तक्त्यातल्या आकड्याने भागायची. ७३ ला तो आकडा २६.५ आहे. पाच लाख डॉलर असतील तर साधारण १८,८६८ डॉलर काढायचे. रॉथ आयआरएच्या मूळ मालकाला ही सक्ती नाही, आणि २०२४ पासून रॉथ ४०१-के लाही नाही.

इथे लोक तीन ठिकाणी फसतात.

पहिल्या वर्षीची रक्कम पुढच्या १ एप्रिलपर्यंत लांबवता येते. सवलत वाटते, पण लांबवली की त्याच वर्षी दुसरीही काढावी लागते. दोन्ही एका वर्षात आल्या की दुसऱ्या टप्प्यातलं गणित किती बिघडतं ते तुम्ही पाहिलंत.

दुसरं, तीन आयआरए असतील तर तिन्हींची रक्कम मिळून एकातून काढता येते. ४०१-के चं तसं नाही, जुन्या कंपन्यांतली दोन खाती असतील तर दोन्हींतून वेगवेगळी काढावी लागते. आणि नवऱ्याच्या खात्यातून बायकोची रक्कम कधीच काढता येत नाही.

तिसरं, चुकलं तर न काढलेल्या रकमेवर २५ टक्के दंड आहे. दोन वर्षांत दुरुस्त केलं तर १० टक्के, आणि सयुक्तिक कारण असेल तर ५३२९ फॉर्म भरून माफीही मागता येते. लक्षात आल्याबरोबर पैसे काढा, वाट बघत बसू नका.

देवळाला किंवा संस्थेला देणगी देणाऱ्यांनी एक सोय जरूर वापरावी. वय साडेसत्तर झालं की आयआरएतून थेट संस्थेला पैसे पाठवता येतात, २०२५ मध्ये माणशी १,०८,००० डॉलरपर्यंत. ती रक्कम आरएमडीत मोजली जाते पण उत्पन्नात येत नाही, त्यामुळे कंबाइन्ड इन्कमही वाढत नाही. चेक संस्थेच्या नावे आयआरए कंपनीकडून निघाला पाहिजे. आधी स्वतःच्या खात्यात घेऊन मग दिला तर ही सवलत जाते. संस्था अमेरिकेतली ५०१-सी-३ (धर्मादाय संस्थेच्या) मान्यतेची हवी, गावच्या शाळेला पाठवलेले पैसे यात बसत नाहीत. बदल्यात कार्यक्रमाची तिकिटं घेतली तरी बसत नाहीत. ४०१-के मधून ही सोय नाही. आणि १०९९-आर वर बहुधा पूर्ण रक्कम करपात्र असल्यासारखीच छापून येते, तेव्हा रिटर्न भरणाऱ्याला आठवणीने सांगा आणि संस्थेची पावती जपून ठेवा.

६. टॅक्स आधीच कापून घ्या

सोशल सिक्युरिटीतून टॅक्स कापून हवा असेल तर डब्ल्यू-४व्ही फॉर्म भरा. ७, १०, १२ किंवा २२ टक्के, एवढेच पर्याय. फॉर्म सोशल सिक्युरिटी ऑफिसला जातो, आयआरएसला नाही. पेन्शनसाठी डब्ल्यू-४पी. आयआरएतून काढताना काही सांगितलं नाही तर १० टक्के कापतात, ते डब्ल्यू-४आर भरून कमीजास्त करता येतं.

नाहीतर वर्षातून चारदा १०४०-ईएसने स्वतः भरावं लागतं: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. रिटर्न भरताना देणं १,००० डॉलरच्या आत असेल, किंवा वर्षभरात यंदाच्या टॅक्सच्या ९० टक्के अथवा मागच्या वर्षीच्या पूर्ण टॅक्सएवढं भरलं असेल तर दंड नाही. मागच्या वर्षीचं उत्पन्न दीड लाखाच्या वर असेल तर ११० टक्के.

मला स्वतःला सोपी वाटलेली पद्धत अशी. आरएमडी डिसेंबरमध्ये काढायची आणि वर्षभराचा टॅक्स त्यातूनच कापून घ्यायला सांगायचं. कापलेला टॅक्स वर्षभर सारखा भरला असं धरतात, त्यामुळे चार तारखा सांभाळाव्या लागत नाहीत.

७. मेडिकेअरचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो

हा टॅक्स म्हणून मोजत नाहीत, पण खिशाला तसाच लागतो. २०२५ मध्ये पार्ट बीचा (मेडिकेअरमधल्या डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा) नेहमीचा हप्ता महिना १८५ डॉलर होता. २०२३ चं उत्पन्न एकट्याचं १,०६,००० किंवा जोडप्याचं २,१२,००० च्या वर असेल तर तो २५९ झाला. एक डॉलरने रेघ ओलांडली तरी पूर्ण फरक. दोघांचे मिळून वर्षाला १,७७६ डॉलर जास्त, आणि औषधांच्या पार्ट डीवर थोडे आणखी.

नोकरी सोडल्यामुळे उत्पन्न घटलं असेल तर एसएसए-४४ फॉर्म भरून हप्ता कमी करून मागा. हे पुष्कळांना माहीतच नसतं आणि दोन वर्षं उगाच जास्त भरतात. भारतातला फ्लॅट विकल्यामुळे एखाद्या वर्षी उत्पन्न फुगलं असेल, तर मात्र या फॉर्मने सुटका नाही. म्हणून विक्री ठरवताना दोन वर्षांनी येणारा हा हप्ता हिशेबात धरा.

८. राज्याचं गणित वेगळं

बहुतेक राज्यं सोशल सिक्युरिटीवर टॅक्स लावत नाहीत. मिनेसोटा, कनेटिकट, कोलोरॅडो, युटा, व्हरमाँट अशी मोजकी लावतात, तीही उत्पन्नाप्रमाणे सूट देऊन. टेक्सास आणि फ्लोरिडात उत्पन्नावर टॅक्सच नाही. इलिनॉयमध्ये पेन्शन, ४०१-के, आयआरए सगळं सुटतं. कॅलिफोर्निया सोशल सिक्युरिटी सोडतो पण आयआरएवर पुरता टॅक्स घेतो. जॉर्जियात ६५ च्या पुढे माणशी ६५,००० डॉलरपर्यंतचं निवृत्तीचं उत्पन्न सुटतं.

आमच्या न्यू जर्सीत ६२ नंतर पेन्शनवर चांगली सूट आहे, पण एकूण उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं की ती मिळत नाही. शिवाय पारंपरिक आयआरएत पैसे घालताना न्यू जर्सीने कधी वजावट दिलेली नाही, म्हणजे त्या रकमेवर राज्याचा टॅक्स तेव्हाच भरलेला आहे. तो पुन्हा भरू नका. कुठल्या वर्षी किती घातले त्याची यादी मात्र आपल्यालाच ठेवावी लागते.

९. भारतातला पैसा

नागरिक असा किंवा ग्रीन कार्डधारक, जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं. एनआरई खात्यावरचं (परदेशातली कमाई ठेवायचं अनिवासी खातं) व्याज भारतात करमुक्त असतं, म्हणून ते इथेही सुटतं अशी समजूत घट्ट बसलेली आहे. सुटत नाही. पीपीएफच्या व्याजाचंही तेच. आणि ते व्याज कंबाइन्ड इन्कममध्ये जाऊन तुमच्या सोशल सिक्युरिटीलाही ओढतं.

एनआरओ खात्याच्या (भारतातली कमाई ठेवायचं अनिवासी खातं) व्याजावर किंवा भाड्यावर भारतात भरलेला टॅक्स १११६ फॉर्मने इथे वळता होतो. फक्त लक्षात ठेवा, दोन देशांच्या करारानुसार बँकेच्या व्याजावर भारतात साधारणपणे १५ टक्केच देय आहेत. बँकेने ३० टक्क्यांच्या वर टीडीएस कापला असेल तर जास्तीचे पैसे भारतात रिटर्न भरून परत मागायचे. आयआरएस त्याची भरपाई देत नाही. आधीच कमी कापून हवं असेल तर आयआरएसकडून ६१६६ हा रहिवासी दाखला मागवा आणि तो १०-एफ फॉर्मबरोबर बँकेला द्या.

भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. तो रिटर्नबरोबर जात नाही, ऑनलाइन वेगळा भरतात. ज्या खात्यात आईच्या सोयीसाठी फक्त तुमचं नाव घातलंय, तेही यात येतं. रकमा मोठ्या असतील तर ८९३८ फॉर्मही लागतो. आणि भारतातले म्युच्युअल फंड असतील तर इथले नियम इतके किचकट आहेत की त्यासाठी भारताचं काम जाणणारा सीपीए (इथला सीए) गाठाच.

१०. परत जायचा विचार असेल तर

अमेरिकन नागरिक पुण्याला स्थायिक झाला तरी १०४० भरत राहावं लागतं. करारानुसार अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीवर टॅक्स लावायचा हक्क फक्त अमेरिकेचा आहे, भारताने लावायचा नाही. ४०१-के आणि आयआरएसाठी तसं नाही, भारतात पूर्ण रहिवासी झालात की ते उत्पन्न तिथेही मोजलं जातं. खात्यात वाढ होते त्या वर्षी टॅक्स न लागता पैसे काढाल तेव्हाच लागावा, यासाठी १९६१ च्या आयकर कायद्यात ८९ए कलम आणि १०-ईई फॉर्म होता. भारतातला नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, तेव्हा सीएकडून नवे क्रमांक विचारून घ्या.

ग्रीन कार्ड परत करणाऱ्यांनी फार विचार करावा. अनिवासी परदेशी झालात की सोशल सिक्युरिटीच्या ८५ टक्क्यांवर सरसकट ३० टक्के कापतात, म्हणजे हातात येणाऱ्या रकमेतून २५.५ टक्के कायम जातात. वर उदाहरणात दिलेल्या जोडप्याला २६५ डॉलर लागत होते. त्यांच्या ४२,००० वर असे १०,७१० डॉलर जातील. कार्ड पंधरापैकी आठ वर्षं असेल तर देश सोडण्याच्या कराचे नियमही लागू होऊ शकतात. वकिलाची फी इथे वाचवू नका.

११. जोडीदार गेल्यानंतर

हे लिहायला जड जातं, पण दोघं असतानाच वाचून ठेवा. ज्या वर्षी जोडीदार जातो त्या वर्षाचं रिटर्न एकत्र भरता येतं. पुढच्या वर्षापासून एकट्याचे टप्पे आणि एकट्याच्या रेघा. घरात दोन सोशल सिक्युरिटींपैकी मोठी तेवढी उरते, पण आयआरए सगळा एकाच नावावर येतो, आणि कंबाइन्ड इन्कमची रेघ ४४,००० वरून ३४,००० वर उतरते. उत्पन्न घटूनही टॅक्स वाढतो. गेलेल्या माणसाची त्या वर्षीची आरएमडी काढायची राहिली असेल तर ती वारसाने काढायची असते.

म्हणून निवृत्तीनंतर आणि आरएमडी सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांत, दोघं मिळून कमी दरात असताना, पारंपरिक आयआरएतले थोडे थोडे पैसे रॉथमध्ये वळवण्याचा हिशेब करून बघा. वळवलेली रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात येते, तेव्हा मेडिकेअरची रेघ बघून किती ते ठरवा.

१२. फुकट मदत कुठे मिळते

फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत गावोगावच्या लायब्ररी आणि सीनियर सेंटरमध्ये एएआरपी (ज्येष्ठांची संघटना) फाउंडेशनचे टॅक्स-एड स्वयंसेवक मोफत रिटर्न भरून देतात. सदस्य असायची गरज नाही. साधी रिटर्न्स ते उत्तम करतात, पण परदेशी उत्पन्नाची गुंतागुंत असेल तर बहुधा ते काम घेत नाहीत, तेव्हा वेळ ठरवतानाच भारतातल्या खात्यांविषयी विचारा. जाताना दोघांचं फोटो ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी कार्ड, मागच्या वर्षीचं रिटर्न, पहिल्या टप्प्यातलं फोल्डर आणि परतावा जमा व्हायला बँकेचा एक कोरा चेक न्या. रिटर्न एकत्र असेल तर सहीला दोघांनीही जायचं.